तरुण वराहमादीचा खुराक चुकला की वेत चुकते

मा. संपादक,

वराहपालनाविषयी छापून येणाऱ्या मजकुरात जात कोणती निवडावी, शेड कसे असावे, लसी कधी टोचाव्यात हे सारे तपशिलाने असते. खाद्याचा विषय आला की मात्र 'संतुलित आहार द्यावा' एवढ्यावर भागवले जाते. मांसासाठी वाढवायच्या डुकरांच्या बाबतीत त्याने फारसे बिघडत नाही. पैदाशीसाठी राखलेल्या तरुण मादीच्या, म्हणजे गिल्टच्या, बाबतीत बिघडते, आणि ते कित्येक महिन्यांनी दिसते. ती माजावर उशिरा येते, लावली तर उलटते, पाच-सहाच पिले देते किंवा पहिल्या वेतानंतर भाकड राहते. मग दोष नराला, रेताला नाहीतर जातीला दिला जातो. तिच्या गव्हाणीत आधीचे सहा महिने काय पडत होते, हे कोणी विचारत नाही. या विषयावर काम करणाऱ्यांना जे रोज सांगावे लागते ते एकदा सविस्तर मांडावे, म्हणून हे पत्र.

गिल्ट ही अजून वाढत असलेली मादी आहे, हे सगळ्याचे मूळ. पूर्ण वाढलेली मादी खाल्लेल्या अन्नातून शरीर राखते आणि गर्भ पोसते. गिल्टला त्याच अन्नातून स्वतःची हाडे, स्नायू आणि चरबीही घडवायची असते. अन्न अपुरे पडले की शरीर आधी जीव सांभाळते, मग वाढ, आणि प्रजननाचा नंबर सर्वांत शेवटी लागतो. मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी एलएच नावाचे संप्रेरक थोड्या थोड्या वेळाने, ठोक्याठोक्याने, रक्तात सोडते. अंडाशयातील पुटिका, म्हणजे ज्यांत स्त्रीबीज पिकते त्या बारीक पिशव्या, त्या ठोक्यांवर वाढतात. रक्तातले इन्सुलिन, वाढीला चालना देणारे आयजीएफ-१ आणि चरबीतून येणारे लेप्टिन घटले की हे ठोके विरळ होतात. पुटिका खुरटतात, स्त्रीबीजे कमी सुटतात, आणि उपासमार लांबली तर माज येतच नाही. अशा मादीला माज आणणारे इंजेक्शन दिले तर एखादा माज दिसतो. पुढच्या २१ दिवसांनी तो परत येईल याची खात्री नसते.

हिशेब ५० ते ६० किलो वजनापासून सुरू करावा लागतो. या वजनाला पैदाशीच्या मादी वेगळ्या काढून त्यांचे खाद्यही वेगळे करायला हवे. बहुतेक ठिकाणी त्या मांसासाठीच्या डुकरांबरोबरच राहतात आणि तेच खाद्य खातात. ते खाद्य सहा महिन्यांत विकायच्या जनावरासाठी बेतलेले असते: मांस झपाट्याने चढावे आणि खर्च कमी यावा, एवढाच त्याचा हेतू. गिल्टला पुढे पाच-सहा वेते काढायची असतात. लार्ज व्हाइट, लँडरेस आणि त्यांच्या संकरांत जन्मापासून पहिल्या रेतनापर्यंत रोज सरासरी ६०० ते ८०० ग्रॅम वाढ असावी. उदाहरणार्थ, २२० दिवसांच्या वयाला १४५ किलो भरलेली मादी रोज सुमारे ६५० ग्रॅमने वाढलेली असते, आणि ही गती उत्तम. ५५० ग्रॅमच्या खाली गेलेल्या मादी वयात यायला उशीर करतात. ८०० च्या वर गेलेल्या लवकर वयात येतात, पण अंगाने जड होतात, पाय धरतात आणि अशांची पहिली वेतेही अवघड जातात. लहान चणीच्या जातींना हे आकडे लावू नयेत.

वजनकाटा नाही म्हणून अंदाजावर सोडून देण्याचे कारण नाही. शिवणकामाची टेप पुरते. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर मीटरमध्ये मोजावा. दोन्ही कानांच्या मधल्या जागेपासून शेपटीच्या मुळापर्यंत पाठीवरून लांबी मोजावी. घेराला घेराने गुणून, त्याला लांबीने आणि मग ६९.३ ने गुणले की वजन किलोत येते. घेर १.२२ मीटर आणि लांबी १.२५ मीटर असेल तर उत्तर १२९ किलोच्या आसपास. मादी मान खाली न घालता सरळ उभी असताना, उपाशीपोटी, सकाळीच मोजावे. दोन मोजमापांची तुलना करायची तर दोन्ही वेळा हीच शिस्त हवी.

हाडांची गोष्ट फार दुर्लक्षिली जाते. पैदाशीच्या तरुण मादी कळपातून काढून टाकाव्या लागतात त्या प्रजननाच्या दोषांखालोखाल पायांमुळे. वाढ चांगली होण्यासाठी जेवढे कॅल्शियम आणि फॉस्फरस पुरते, त्याहून जास्त हाड पूर्ण घट्ट होण्यासाठी लागते. म्हणून मांसाच्या डुकरांच्या खाद्यापेक्षा गिल्टच्या खाद्यात ही दोन्ही खनिजे निदान ०.१ टक्क्याने जास्त ठेवतात. मका, गहू आणि पेंडी यांतला निम्म्याहून अधिक फॉस्फरस फायटेटच्या रूपात बांधलेला असतो आणि डुकराला तो पचवता येत नाही. खाद्यात फायटेज हे विकर घालावे किंवा डायकॅल्शियम फॉस्फेटसारखा स्रोत वापरावा. नुसती चुनखडी वाढवत नेणे चुकीचे, कारण कॅल्शियम अति झाले की आहे तो फॉस्फरस आणि जस्तही शोषले जात नाही. खुरांना भेगा पडत असतील तर जस्त आणि बायोटिन तपासावे. लंगडणारी मादी उठून खायला जात नाही, आणि मग साऱ्या कमतरता एकदम सुरू होतात.

वयात येण्याचे वय साधारण १८० ते २०० दिवस. खुराक चांगला असला तरी नराच्या सहवासाची जागा तो घेत नाही. मादी १६० दिवसांच्या झाल्या की दहा महिन्यांहून मोठा, वास असलेला, तोंडाला फेस आणणारा नर रोज १० ते १५ मिनिटे त्यांच्यात सोडावा. पहिल्या माजाला लावण्याची घाई करू नये. पहिल्या माजात स्त्रीबीजे कमी सुटतात. दुसऱ्या किंवा तिसऱ्या माजात ती वाढतात. तोवर वजन १३५ ते १५० किलो आणि पाठीवरची चरबी १२ ते १६ मिलिमीटर व्हावी. ही चरबी शेवटच्या बरगडीच्या रेषेत, कण्यापासून साडेसहा सेंटिमीटर बाजूला मोजतात. मोजायचे यंत्र नसेल तर तळहाताने पाठीचा कणा आणि कटीची हाडे दाबून पाहावी. हाडे नुसत्या डोळ्यांना दिसली तर मादी बारीक आहे. बऱ्यापैकी दाबल्यावर लागली तर ठीक. कितीही दाबून लागेनात तर ती लठ्ठ आहे.

माजापूर्वी खुराक वाढवण्याच्या पद्धतीला पशुपालक 'फ्लशिंग' म्हणतात. त्याबद्दल गैरसमज बरेच आहेत. त्यातून जादूने जास्त पिले मिळत नाहीत. आवरून ठेवलेल्या खुराकामुळे कमी झालेली स्त्रीबीजे तेवढी मूळ पातळीवर येतात. म्हणून ज्या मादीला रोज २.२ ते २.५ किलोवर ठेवले आहे तिलाच याचा खरा फायदा. अपेक्षित माजाच्या १४ ते १० दिवस आधीपासून तिला ३ ते ३.५ किलो, किंवा खाईल तेवढे द्यावे. वाढीव ऊर्जा धान्यातून, म्हणजे पिष्टमय पदार्थांतून आलेली चांगली. तेलातून आलेल्या उर्जेने इन्सुलिन तेवढे वाढत नाही. आधीपासूनच पोटभर खाणाऱ्या मादीला आणखी काही करायची गरज नाही. माजाची तारीख लिहून ठेवलेली नसेल तर ही पद्धत वापरताच येत नाही, हेही लक्षात घ्यावे.

रेतनानंतरच्या पहिल्या दिवसांबद्दल पूर्वी सरसकट सांगितले जाई की पहिले तीन दिवस खुराक तोडा. त्यामागे कारण होते. भरपूर खाल्ले की यकृतातून रक्त जास्त वाहते, गर्भ टिकवणारे प्रोजेस्टेरॉन लवकर निकामी होते आणि भ्रूण दगावतात. फ्लशिंगचा ३.५ किलोचा खुराक रेतनानंतर तसाच चालू ठेवला तर गिल्टमध्ये हा धोका खरा आहे. पण याचा अर्थ बारीक मादीला उपाशी ठेवणे असा नव्हे. तिचे प्रोजेस्टेरॉन उपासमारीनेही नीट वाढत नाही. रेतनाच्या दिवसापासून २ ते २.५ किलोवर आणावे आणि तिथेच थांबावे. भ्रूण १२ व्या दिवसाच्या सुमारास आपल्या असण्याचा संकेत गर्भाशयाला देतात आणि नंतरच्या आठवड्यात तिथे चिकटतात. सुटलेल्या स्त्रीबीजांपैकी २० ते ३० टक्क्यांचे नुकसान पहिल्या महिन्यातच होते, तेही सर्व ठीक असताना. रेतनानंतर पहिला आठवडा उलटल्यापासून २८ व्या दिवसापर्यंत मादीची जागा बदलणे, नव्या मादींत मिसळणे, खाद्याचा प्रकार पालटणे टाळावे. एकाच गव्हाणीवर झुंजत खाणाऱ्या गटात दुबळी गिल्ट अर्ध्या खुराकावर राहते. गटाचा खुराक कागदावर बरोबर असतो, तिच्या पोटात मात्र तो जात नाही.

गाभणकाळ ११४ ते ११५ दिवसांचा. त्याचा मोठा मधला भाग सरळ आहे: किलोला ३००० किलोकॅलरीच्या आसपास चयापचयी ऊर्जा आणि १३ ते १४ टक्के प्रथिने असलेले खाद्य, रोज २ ते २.५ किलो, अंगकाठी पाहून कमी-जास्त. इथे सर्वाधिक होणारी चूक म्हणजे गाभण आहे म्हणून भरपूर चारणे. गाभणपणी लठ्ठ झालेली मादी व्यायल्यावर खात नाही, आणि नेमके तेव्हाच तिने खाण्याची गरज असते. शिवाय ७५ व्या ते १०५ व्या दिवसांत कासेच्या दूध बनवणाऱ्या पेशी तयार होतात. या काळात ऊर्जा फार झाली तर त्यांच्या जागी चरबी भरते आणि पुढे दूध कमी पडते. ९० व्या दिवसानंतर मात्र पिले झपाट्याने वाढतात, तेव्हा गिल्टला सुमारे अर्धा किलो वाढवून द्यावे. लायसिन या अमिनो आम्लाची रोजची गरज पूर्वार्धात ११ ग्रॅमच्या आसपास असते, ती शेवटच्या तीन-चार आठवड्यांत १६-१७ ग्रॅमवर जाते. नुसता भरडा वाढवून ही गरज भागत नाही, पेंड वाढवावी लागते.

विण्याच्या आदल्या दिवशी खाणे बंद करण्याची रीत सोडून द्यावी. पिले ढकलायला गर्भाशयाला साखर लागते. बराच वेळ उपाशी असलेली मादी लवकर थकते, दोन पिलांतले अंतर वाढते आणि मागची पिले गुदमरून मेलेली निघतात. शेवटचे तीन दिवस खुराक तीन वेळा विभागून द्यावा, त्यात गव्हाचा कोंडा किंवा तत्सम चोथा असावा. बद्धकोष्ठ झालेल्या मादीला विताना त्रास होतो आणि ताप, सुजलेली कास, आटलेले दूध हे मागोमाग येते.

आता सर्वांत महत्त्वाचा टप्पा, पहिल्या वेताचे दूध. स्वतःसाठी २ किलो आणि प्रत्येक पिलामागे अर्धा किलो असा ढोबळ हिशेब आहे. अकरा पिलांच्या मादीला त्यानुसार साडेसात किलो लागतात. पहिलारू मादी बहुधा चार ते पाच किलोच खाते, कारण तिचे पोट लहान असते. उरलेले ती स्वतःच्या अंगातून काढते, आधी चरबी आणि लगोलग स्नायूही. व्यायल्यानंतर १८० किलो असलेली मादी पिले दुधावरून तोडेपर्यंत २० किलोंहून जास्त उतरली तर पुढचा माज लांबतो, तो आलाच तरी गर्भ कमी राहतात आणि दुसऱ्या वेतात पहिल्यापेक्षाही कमी पिले मिळतात. दुसऱ्या वेताची ही घट जगभरच्या कळपांत ओळखीची आहे. कारण असे की पिले तोडल्यानंतरच्या माजात जी स्त्रीबीजे सुटणार असतात, त्यांच्या पुटिका मादी पिलांना पाजत असतानाच वाढत असतात. अंगातले प्रथिन वितळत असताना त्या निकृष्ट होतात. म्हणजे दुसरे वेत पहिल्या वेताच्या गव्हाणीतच ठरते.

करायचे काय? व्यायल्याच्या दिवशी दोन किलो, नंतर रोज अर्धा किलो वाढवत आठवड्याभरात खाईल तेवढे. दिवसातून निदान तीन वेळा, उन्हाळ्यात त्यातले मोठे वाटप पहाटे आणि रात्री. उरलेले खाद्य आंबण्याआधी काढावे. ती कमी खाते हे गृहीत धरून खाद्यच दाट करावे. दुधाला रोज ५० ग्रॅम लायसिन लागत असेल आणि मादी साडेचार किलो खात असेल, तर खाद्यात १.१ टक्का पचनीय लायसिन हवे. मोठ्या मादींसाठीचे ०.९ टक्क्याचे खाद्य तिला अपुरे पडते. ओले करून दिले तर बहुतेक मादी जास्त खातात.

पाण्याकडे तर कोणी पाहतच नाही. दूध देणारी मादी दिवसाला २० ते ३५ लिटर पाणी पिते. निपलमधून मिनिटाला दोन लिटर यायला हवे: एक लिटरची बाटली धरावी, ती ३० सेकंदांत भरली पाहिजे. पन्नास सेकंद लागत असतील तर मादी कंटाळून बाजूला होते, आणि पाणी कमी म्हणजे खाणे कमी. उष्णता हा दुसरा शत्रू. २२ ते २५ अंश सेल्सिअसच्या वर मादीची भूक उतरू लागते. पिलांना ३० अंशांहून अधिक ऊब लागते हे खरे, पण ती त्यांच्या कोपऱ्यापुरती द्यावी; सगळे घर तापवू नये. मादीच्या मानेवर थेंब-थेंब पाणी आणि खेळती हवा यांनी बरेच साधते.

एवढे करूनही मादी फार उतरली, तर पिले तोडल्यानंतर चार ते सात दिवसांत येणारा पहिला माज सोडून द्यावा आणि पुढच्याला, २१ दिवसांनी, लावावी. तीन आठवडे भाकड जातात, पण पिलांची संख्या सुधारते. त्या तीन आठवड्यांत तिला पोटभर चारणे ही अट आहे.

बुरशी लागलेला मका गिल्टला घालू नये, मग तो कितीही चाळून-वाळवून घेतलेला असो. फ्युझॅरियम बुरशीचे झिअरालेनोन हे विष इस्ट्रोजेनसारखे वागते. वयात न आलेल्या मादीची योनी लाल होऊन सुजते आणि माज आल्याचा भास होतो. काहींचे अंग बाहेर येते. माजचक्र सुरू झालेल्या मादीत पीतपिंड (स्त्रीबीज सुटल्यावर अंडाशयात तयार होणारी, प्रोजेस्टेरॉन देणारी गाठ) टिकून राहतो आणि ती गाभण नसताना गाभणासारखी, माजाविना राहते. युरोपीय संघाने २००६ साली दिलेल्या मार्गदर्शक मर्यादेत पिले आणि गिल्ट यांच्या खाद्यासाठी किलोमागे फक्त ०.१ मिलिग्रॅम, तर मोठ्या मादीसाठी ०.२५ मिलिग्रॅम धरले आहे. तरुण मादी किती संवेदनशील आहे ते यावरून कळावे. बेंटोनाइटसारखी माती अफ्लाटॉक्सिन चांगले पकडते, झिअरालेनोन नाही. त्यामुळे 'बाइंडर घातला आहे' या भरवशावर राहू नये.

जीवनसत्त्वांची कमतरता पुष्कळदा जन्मजात दोष समजली जाते. टेक्सासमध्ये फ्रेड हेल यांनी अ जीवनसत्त्व तोडलेल्या एका गिल्टला झालेल्या ११ पिलांपैकी एकालाही नेत्रगोल नव्हते. १९३३ साली प्रसिद्ध झालेली ही नोंद आजही शिकवली जाते. आयोडीन नसेल तर बिनकेसांची, अशक्त पिले निपजतात. सेलेनियम आणि ई जीवनसत्त्व कमी पडले तर पिले दुबळी होतात, पण सेलेनियमची गरज किलो खाद्याला ०.१५ ते ०.३ मिलिग्रॅम एवढीच. पाच मिलिग्रॅमच्या पुढे ते विष आहे, तेव्हा हाताच्या अंदाजाने घालू नये. जीवनसत्त्वांचे मिश्रण खनिजांबरोबर, विशेषतः कोलीन क्लोराइडबरोबर, दमट जागी महिनोनमहिने पडून राहिले तर त्याची ताकद जाते. पोत्यावरची तारीख पाहूनच वापरावे.

खानावळीतले उरलेले अन्न हाच जिथे मुख्य खुराक आहे, तिथे एक साधा हिशेब करावा. त्यात बहुतेक पाणीच. कोरडा भाग २० ते २५ टक्के. आठ किलो खाऊन तुडुंब झालेल्या गिल्टच्या पोटात जेमतेम पावणेदोन किलो खरे अन्न जाते, त्यातही पिष्ट जास्त आणि लायसिन कमी, शिवाय रोज वेगळे. असे अन्न मांसाच्या डुकरांना, कायदा परवानगी देत असेल तर आणि पूर्ण उकळूनच द्यावे. न उकळलेल्या अन्नातून आफ्रिकन स्वाइन फिव्हरचा विषाणू कळपात शिरतो. पैदाशीच्या मादीला दिलेच तर त्यावर खनिज मिश्रण आणि प्रथिनाचा पूरक खुराक हवाच.

प्रत्येक गिल्टच्या पाटीवर पाच गोष्टी असाव्यात: पहिल्या माजाची तारीख, रेतनाच्या दिवशीचे वजन, व्यायल्याच्या दुसऱ्या दिवशीचा आणि पिले तोडण्याच्या दिवशीचा छातीचा घेर, दूध देताना रोज खाल्लेले किलो, आणि तोडल्यापासून माज येईपर्यंतचे दिवस. पिले तोडून दहा दिवस झाले तरी माज आला नाही, तर पशुवैद्यकांना बोलावण्याआधी ही पाटी भरलेली असावी. दोन घेरांतला फरक आणि खाल्लेले किलो पाहिल्याशिवाय त्यांनी संप्रेरकाचे इंजेक्शन लिहू नये, आणि पशुपालकानेही ते मागू नये.

आपले,
पशुपोषण आणि वराहपैदास या क्षेत्रांत काम करणारे काही वाचक